चोराच्या साक्षीने परतलेले देव

४ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधील न्यायालयात ॲरन फ्रीडमन या माणसाने सात गुन्हे कबूल केले. सहा चोरीचा माल बाळगल्याचे आणि एक कटात सामील असल्याचा. मॅडिसन ॲव्हेन्यूवर सुभाष कपूरचे ‘आर्ट ऑफ द पास्ट’ हे प्राचीन कलावस्तूंचे दालन होते आणि फ्रीडमन त्याचा मॅनेजर होता. चोरून आणलेल्या मूर्तींची ने-आण करणे आणि त्यांच्या मालकीचा खोटा इतिहास कागदावर रचणे ही त्याची कामे. गुन्हे कबूल करतानाच त्याने सरकारी तपासाला मदत करण्याचेही मान्य केले. पुढच्या काही वर्षांत कॅनबेरा, सिंगापूर आणि अमेरिकेतील टोलेडो इथल्या संग्रहालयांतून तमिळनाडूचे देव परत निघाले.

ज्याच्या हातून देव विकले गेले त्याच्याच तोंडून त्यांचा पत्ता घ्यावा का, आणि घेतलाच तर बदल्यात त्याला काय द्यावे, यावर दोन माणसांचे दोन दृष्टिकोन इथे समोरासमोर ठेवले आहेत. मामा निवृत्त सरकारी वकील आहेत, उभी हयात फौजदारी न्यायालयात गेलेली. भाची मूर्तिशास्त्राची अभ्यासक आहे, दक्षिणेतल्या कांस्यमूर्ती हा तिचा विषय.

भाची : मामा, श्रीपुरंदानचे उदाहरण घेऊ. अरियलूर जिल्ह्यातले लहानसे गाव. चोळांच्या काळातले शिवाचे देऊळ, पण पूजाअर्चा थांबलेली आणि दार बंद. २००६ मध्ये चोरांनी एकेक करून मूर्ती काढून नेल्या. गावाला पत्ता नाही. २००८ मध्ये सुरक्षिततेसाठी मूर्ती दुसरीकडे हलवायच्या म्हणून कुलूप काढले, तेव्हा कळले की आठ मूर्ती गेल्या आहेत. तोवर तिथला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने ५० लाख डॉलर मोजून विकत घेतलाही होता. अशा चोरीत तुम्हाला साक्षीदार कुठून मिळणार? चोराला चेन्नईचा दलाल माहीत, दलालाला जहाजाने पाठवलेली पेटी माहीत. मूर्ती कुठून आली, कुणाला विकली, कागद कुणी बनवला, ही सगळी साखळी फक्त न्यूयॉर्कच्या दालनात बसलेल्या माणसाला दिसत होती. त्याला बोलते करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

मामा : बोलते जरूर करावे. पण मी असे पुष्कळ साक्षीदार तपासले आहेत, म्हणून सांगतो. कटातला माणूस बोलायला लागतो तेव्हा तो आधी स्वतःला वाचवतो. स्वतःचा वाटा जेवढा कमी करता येईल तेवढा करतो आणि दुसऱ्याचा जेवढा वाढवता येईल तेवढा वाढवतो. त्याचे अर्धे सत्य अगदी चोख असते, म्हणूनच ते धोक्याचे. तू म्हणतेस त्याला साखळी दिसत होती. अगं, ती त्यानेच तर जोडली होती!

भाची : म्हणूनच ती त्याला उलगडता आली. आतला माणूस नसला तर काय होते ते जयपूरच्या वामन घियाच्या प्रकरणात दिसले. देशभरातल्या देवळांतली शिल्पे परदेशी पाठवल्याचा आरोप. २००३ मध्ये अटक, २००८ मध्ये जन्मठेप आणि २०१४ मध्ये उच्च न्यायालयात निर्दोष सुटका.

मामा : त्याचे खापर आतला माणूस नव्हता यावर फोडू नकोस. गुन्हा सिद्ध करण्याइतका पुरावा उच्च न्यायालयात टिकला नाही. पुरावा गोळा करणे हे पोलिसांचे काम. माफीच्या साक्षीदाराचे व्यसन लागते ते इथेच. पंचनामा नीट करायचा नाही, कागद ताब्यात घेताना काळजी घ्यायची नाही आणि शेवटी आरोपींपैकी एकाला उभा करून म्हणायचे, आता तू सांग. गांधीहत्येच्या खटल्यातला दिगंबर बडगे तुला माहीत आहे. तो माफीचा साक्षीदार झाला. न्यायाधीशांना तो खरे बोलणारा वाटला. तरीही सावरकरांच्या बाबतीत एकट्या त्याच्या शब्दावर विसंबणे त्यांनी सुरक्षित मानले नाही, कारण स्वतंत्र दुजोरा नव्हता. सावरकर निर्दोष सुटले. कायद्याची शिकवण हीच. साथीदाराची साक्ष घ्या, पण ती दुसऱ्या पुराव्यावर टेकलेली असली पाहिजे. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये तर दुजोरा मिळालेली साक्ष असा शब्दच घातला आहे.

भाची : कपूर प्रकरणात तो दुजोरा होता, मामा. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने १९५० च्या दशकापासून तमिळ देशातल्या देवळांमधल्या मूर्तींची छायाचित्रे काढून ठेवली आहेत. कुणी चोरी पकडायला नव्हे, अभ्यासासाठी. सिंगापूरचे एस. विजयकुमार आणि त्यांच्यासारखे हौशी अभ्यासक संग्रहालयांच्या कॅटलॉगमधली चित्रे आणि ही जुनी छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून बसले. ओतकामातला दोष, झिजलेली बोटे, प्रभावळीच्या ज्वाळा, पीठावरचा डाग, असे एकेक जुळवत गेले. मेणाच्या नमुन्यावर मातीचा साचा चढवून ओतलेली चोळ मूर्ती एकदाच घडते, कारण साचा फोडूनच ती बाहेर काढावी लागते. तिची तंतोतंत जुळी असूच शकत नाही. छायाचित्र जुळले की मूर्तीचे गाव ठरले. कॅनबेराचा नटराज श्रीपुरंदानचा, हे फ्रीडमनच्या कबुलीआधीच अभ्यासकांनी दाखवून दिले होते.

मामा : मग फ्रीडमनची गरज काय राहिली?

भाची : संग्रहालय मानायला तयार नव्हते! त्यांच्याजवळ कागद होता. त्यात लिहिले होते की एका परदेशी मुत्सद्द्याच्या कुटुंबाकडे ही मूर्ती १९७० च्या आसपासपासून आहे. हा काळ निवडण्यामागे हिशेब होता. युनेस्कोचा करार १९७० चा, आपला पुरावशेष कायदा १९७२ चा. मूर्ती त्याआधी देशाबाहेर गेल्याचे दाखवले की घेणारा निर्धास्त. छायाचित्राने मूर्ती चोरीची ठरते, पण तो कागद बनावट आहे हे सांगायला बनावट करणाऱ्या घरातलाच माणूस लागतो. फ्रीडमनने डिसेंबरात कबुली दिली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये कॅनबेराच्या संग्रहालयाने कपूरच्या दालनावर स्वतःच दावा लावला. सप्टेंबरात ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान टोनी ॲबट यांनी तो नटराज दिल्लीत आपल्या हाती दिला. सिंगापूरच्या आशियाई संस्कृती संग्रहालयाने साडेसहा लाख डॉलरला घेतलेली उमा परमेश्वरीही याच गावची. तीही २०१५ मध्ये परतली. टोलेडोने २ लाख ४५ हजार डॉलरला घेतलेला गणेशही इथलाच.

मामा : हे मी नाकारत नाही. पण एक गोष्ट तू चटकन ओलांडून गेलीस. फ्रीडमनला माफी मिळालेली नाही. त्याने आधी गुन्हा कबूल केला, दोषी ठरला आणि मग मदत केली. त्याच्या मदतीचा विचार शिक्षा ठरवताना झाला तर झाला. आपल्याकडे तसे नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ खाली न्यायालयाने माफी देऊ केली, त्याने ती स्वीकारली आणि सगळे खरे सांगितले, की तो आरोपी राहतच नाही. आधीच जामिनावर नसला तर खटला संपेपर्यंत कोठडीत, आणि मग मोकळा. नावावर डाग नाही. ज्याने देवाचा खोटा जन्मदाखला लिहिला, तो बाहेर येऊन पुन्हा तोच धंदा सुरू करू शकतो. जोशी-अभ्यंकर खटला आठव. १९७६-७७ मध्ये पुण्यात दहा खून झाले. पहिल्या खुनात सामील असलेला एक मित्र माफीचा साक्षीदार झाला. चौघांना १९८३ मध्ये फाशी झाली आणि तो घरी गेला. त्याच्या साक्षीचे मोल मी वकील म्हणून जाणतो. पण त्याच्या सुटकेची किंमत सरकारने मोजली नाही. ती मोजली ज्यांची माणसे गेली त्यांनी. आणि त्यांना कुणी विचारलेही नाही.

भाची : खून आणि चोरी एका तराजूत घालता येणार नाहीत. गेलेला माणूस परत येत नाही. मूर्ती येते. म्हणूनच इथे साक्षीचे मोल जास्त आहे. तिथे साक्षीने शिक्षा होते, इथे साक्षीने देव घरी येतो.

मामा : आणि तो देव कुणाचा? आपल्या कायद्यात देव ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे. तमिळनाडूतल्या पत्तूरचा नटराज १९७६ मध्ये एका मजुराला जमिनीत सापडला आणि तस्करीने लंडनला गेला. तिथल्या न्यायालयात देवळाच्या नावाने दावा लढला गेला, तो देवळाने जिंकला आणि १९९१ मध्ये नटराज परत आला. मालक देव असेल, त्याची सेवा करणारे गाव असेल, तर त्याच्या चोराला माफी देणारे सरकार कोण? कलम ३४३ मध्ये पीडिताला विचारण्याची अट नाही. माझा खरा आक्षेप हा आहे.

भाची : हा आक्षेप मला मान्य आहे. पण या गावांमध्ये मी गेले आहे. चोराला किती वर्षे झाली, हा प्रश्न मला तिथे ऐकू आला नाही. आमची मूर्ती कधी येणार, एवढेच विचारतात. आणि हा प्रश्न थांबू शकत नाही. दिवेआगरच्या सुवर्णगणेशाचे काय झाले तुम्हाला माहीत आहे. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, दोन रखवालदार मारले गेले आणि सोन्याचा मुखवटा वितळवून टाकला. चोर पकडले गेले, शिक्षा झाल्या, पण तो मुखवटा पुन्हा कुणाला दिसणार नाही. कांस्यमूर्तीची किंमत धातूत नसते, रूपात असते, म्हणून ती टिकते. पण ती कुठल्या तरी खासगी दिवाणखान्यात कायमची नाहीशी होऊ शकते. आज बोलणारा माणूस मिळाला आणि त्याला आपण दहा वर्षे तात्त्विक वादात बसवून ठेवले, तर त्याची माहिती शिळी होते.

मामा : घाईने माफी दिली की माल येतोच असे थोडेच आहे? बॉस्टनच्या गार्डनर संग्रहालयातून मार्च १९९० मध्ये १३ कलावस्तू गेल्या. एक कोटी डॉलरचे बक्षीस आहे, खटला न भरण्याची तयारी सरकारने दाखवली आहे. एकही चित्र अजून परत नाही. नुसत्या माफीने तोंड उघडत नाही. माणसाला पकडले जाण्याची भीती वाटली पाहिजे, त्याच्याविरुद्धचा पुरावा टेबलावर असला पाहिजे, तेव्हा तो बोलतो.

भाची : आणि तो पुरावा टेबलावर आला की काय होते तेही बघा. स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयावर डिसेंबर २००० मध्ये बंदुकीच्या धाकाने दरोडा पडला. रेन्वारची दोन चित्रे आणि रेम्ब्रांटचे एक आत्मचित्र घेऊन दरोडेखोर मोटरबोटीने पळाले. २००५ मध्ये लॉस एंजेलिसला एका तस्कराकडे त्यातले एक रेन्वार सापडले. तो पुरता अडकला होता, म्हणून एफबीआयचा खबरी झाला. त्याच्या ओळखीच्या आधाराने रॉबर्ट विटमन हे अधिकारी कोपनहेगनच्या हॉटेलात गिऱ्हाइकाच्या वतीने आले आणि तांब्याच्या पत्र्यावर रंगवलेला तो रेम्ब्रांट धडधाकट हाती लागला. गार्डनर आणि स्टॉकहोम यांत फरक तुम्ही म्हणालात तोच. दोन्हीकडे सवलत होती, पुरावा एकाच ठिकाणी होता.

मामा : आता तू माझ्या रस्त्यावर आलीस! पण स्टॉकहोमसारख्या गुप्त खबऱ्याची मला जास्त धास्ती वाटते. माफीचा साक्षीदार निदान न्यायालयात उभा राहतो, त्याची उलटतपासणी होते, खोटे बोलला किंवा लपवले तर माफी जाते आणि मूळ गुन्ह्याचा खटला उभा राहतो. खबऱ्याचा सौदा मात्र पोलीस आणि चोर यांच्यातच राहतो. तमिळनाडूत मूर्तिचोरीचा तपास करणाऱ्या पथकातल्याच एका अधिकाऱ्यावर सापडलेल्या मूर्ती दलालाला विकल्याचा आरोप झाला. आरोप सिद्ध होईल न होईल. पण ज्या बाजारात एका मूर्तीला कोट्यवधी रुपये मिळतात, तिथे अंधारात सौदा करण्याची मुभा कुणालाच असू नये.

भाची : मान्य. मग उजेडात करा. आपला कायदाही आता त्या दिशेने थोडा सरकला आहे. १९७२ च्या कायद्यात पुरावशेष बाहेर नेल्याबद्दल जास्तीत जास्त तीन वर्षे कैद आहे. नव्या न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये देवस्थानातल्या मूर्तीच्या चोरीचे वेगळे नाव घेतले आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत ठेवली आहे.

मामा : आणि सात वर्षे झाली की कलम ३४३ ची माफी लागू होऊ शकते. म्हणजे मूर्तिचोरीत माफीचा साक्षीदार हा विषय आता आपल्या दाराशी आला आहे. मग माझ्या अटी ऐक. माफी खालून वर जावी, वरून खाली नव्हे. पहार घेऊन भिंत फोडणाऱ्या मजुराला माफी देऊन दलालाला धरा, दलालाला सवलत देऊन परदेशी व्यापाऱ्याला धरा. व्यापाऱ्याने मजुरांची नावे सांगून सुटावे, हे कधीही होता कामा नये. कपूरला २०११ मध्ये फ्रँकफर्ट विमानतळावर अटक झाली, २०१२ मध्ये भारताच्या ताब्यात मिळाला आणि २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने सुत्तमल्लीच्या देवळातल्या मूर्तींच्या प्रकरणी दहा वर्षांची शिक्षा दिली. साक्षी वरच्या दिशेने गेल्या की असे होते.

भाची : माझी अट अशी. त्याने सांगितलेल्या प्रत्येक मूर्तीमागे गाव, देऊळ, वर्ष आणि कागद आला पाहिजे. अमेरिकन तपासणाऱ्यांनी कपूरच्या दालनातून आणि गोदामांतून अडीच हजारांहून अधिक वस्तू जप्त केल्या. त्यातल्या कितीतरी मूर्तींचे गाव आजही ठरलेले नाही. गाव ठरले नाही तर परत आलेला देव सरकारी कोठारात मुद्देमाल म्हणून पडून राहतो. साक्ष अपुरी असेल तर सवलतही अपुरी.

मामा : आणि गावाचे म्हणणे न्यायालयाने ऐकलेच पाहिजे.

भाची : ऐकावेच. पण गाव म्हणाले की देव आणा आणि त्याला सोडा, तर तुम्ही सोडाल?

मामा : नाही. शिक्षा कमी करीन, दोष पुसणार नाही. फ्रीडमनचा मार्ग मला बरा वाटतो. आधी न्यायालयात उभे राहून म्हण, मी चोर आहे. मग मदत कर.

भाची : मी सोडीन, मामा. सगळे देव परत आले तर सोडीन. इथे तुमचे माझे जुळणार नाही. पण एक गोष्ट सांगते, ती ऐकून ठेवा. तंजावरच्या आपल्या सरफोजीराजांचे त्यांच्या मुलासह काढलेले चित्र २००६ मध्ये अमेरिकेतल्या सेलमच्या पीबॉडी एसेक्स संग्रहालयाने याच दालनाकडून ३५ हजार डॉलरला घेतले होते, खोट्या इतिहासासह. २०१५ मध्ये संग्रहालयाने ते अमेरिकन तपासणाऱ्यांच्या हवाली केले. ते तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातून गेले होते, असे तमिळनाडूच्या पोलिसांनी पुढे सांगितले. ज्या राजाने पोथ्या, नकाशे, चित्रे जिवापाड जमवली, त्याचेच चित्र त्याच्या घरातून गेले आणि बोभाटा झाला तो ते सातासमुद्रापार सापडल्यावर.

मामा : म्हणजे दोष चोराचा, पण संधी आपण दिली.

इथे दोघांचा वाद मिटत नाही आणि तो मिटवण्याची गरजही नाही. पूर्ण माफी की सौम्य शिक्षा, यावर कायदेपंडितांनी भांडावे. माझे मत मामांच्या बाजूने झुकते. दोष नोंदला जावा आणि मग सवलत मिळावी, कारण देवाच्या नावावर खोटा कागद लिहिणाऱ्याला कोरा कागद परत देण्याचा अधिकार सरकारला नाही. पण या साऱ्या प्रकरणातून दिसणारी मोठी गोष्ट वेगळीच आहे. आपल्याजवळ आपल्या देवांची नोंद जितकी कमी, तितकी चोराच्या शब्दाची किंमत जास्त. जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थच्या राममंदिरातून २०२२ मध्ये मूर्ती गेल्या, तेव्हा रोज पूजा होत असल्याने चोरी लगेच उघड झाली आणि पोलिसांना पुढे त्या सापडल्या. श्रीपुरंदानला कुलूप होते, म्हणून दोन वर्षे गेली. तिथला देव परतला तो कुणीतरी फार पूर्वी काढून ठेवलेल्या एका छायाचित्रामुळे, आणि मग चोराच्या कबुलीमुळे.

म्हणून वाचकांना एक मागणे आहे. तुमच्या गावच्या देवळातल्या मूर्तींची छायाचित्रे काढा. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून, मूर्तीवर कापड नसताना, पुजाऱ्यांच्या संमतीने. उंची मोजा. कुठे झीज आहे, कुठे तडा आहे, पीठावर अक्षरे आहेत का, ते लिहून ठेवा. एक प्रत देवस्थानाकडे, एक ग्रामपंचायतीत, एक पोलीस ठाण्यात आणि एक राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे द्या. उद्या चोरी झालीच, तर तुमच्या देवाचा पत्ता चोराकडे मागायची वेळ येऊ देऊ नका.